सोलापुरात स्वतःची गाडी नसताना फिरायचं कसं? सिटी बस, एसटी, सीट रिक्षा

नाशिकहून_नवा

नमस्कार मंडळी. बदली होऊन नाशिकहून सोलापूरला आलोय, जुळे सोलापुरात डी-मार्टच्या बाजूला भाड्याने घर घेतलंय. आमच्या घरात चारचाकी नाही आणि दुचाकी पण नाही, मला डोळ्यांच्या त्रासामुळे डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलीये आणि बायकोला शिकायचं नाहीये (यावर घरात पुरेसे वाद झालेत, इथे नको). तर प्रश्न असे की माझं ऑफिस पार्क चौकाजवळ, बायकोला रोज विद्यापीठात केगावला जायचंय म्हणजे शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला, आणि आई 72 वर्षांची आहे तिला अधूनमधून सिव्हिलला आणि सोमवारी सिद्धेश्वराला जायचं असतं. शेजारी सगळे एकच सांगतात, गाडी घ्या. अरे पण लाखभर लोक तर गाडीशिवाय राहत असतीलच ना इथे? ते कसे जातात येतात ते सांगा. ओला उबेर सांगू नका, रोजचं परवडणारं पाहिजे.

शेंगाचटणी

गाडी घ्या 😄

सॉरी मालक, राहवलं नाही. सोलापुरात स्वागत.

सातरस्ता

पहिलं एक लक्षात घ्या, इथं सिटी बसला लोक परिवहन म्हणतात, "परिवहन आली का?" असं विचारायचं. महापालिकेची आहे. आणि परिवहन आमच्याकडं नळाच्या पाण्यासारखी, कधी येणार ते माहिती असणारा माणूस गल्लीत एक असतो, त्याला धरायचं. थांब्यावर वेळापत्रक शोधत बसू नका, थांब्याजवळच्या पानटपरीवाल्याला विचारा, तो सांगतोय की आत्ताच गेली का अजून यायचीय.

तुमचं पार्क चौकाचं काम सोपंय. जुळे सोलापूरचा माणूस कुठंबी जायचं म्हटलं की आधी सात रस्त्याला येतो. तिथनं रंगभवन, डफरीन चौक, पार्क चौक. सात रस्त्यापासनं पार्कपर्यंत चालत पण जाताय, उन्हाळा सोडून. उन्हाळ्यात 43 च्या पुढं पारा गेला की शंभर पावलं पण लांब वाटतात, तेव्हा मर्दानगी दाखवू नका, सीट रिक्षात (माणशी पैसे घेऊन भरून जाणारी) बसा.

कोंतम_चौक

मी जरा सविस्तर लिहितो कारण नवीन माणूस सोलापुरात कुठं चुकतो ते मला दुकानात बसून रोज दिसतंय.

आमचं शहर वेस, नाका आणि चौक यावर चालतं. वेस म्हणजे जुन्या गावकुसाची, नाका म्हणजे त्याच्या बाहेर जकात घ्यायचे ते. गंमत अशी की एकाच गावाच्या नावानं वेस पण आहे आणि नाका पण आहे. विजापूर वेस ही जुन्या शहरात, बाजारात, आणि विजापूर नाका तुमच्या जुळे सोलापूरकडं. रिक्षावाल्याला नुसतं "विजापूर" म्हणालात तर तो त्याच्या सोयीचं ऐकणार. तसंच कुंभार वेस वेगळी आणि अक्कलकोट रोडवरचं कुंभारी गाव वेगळं, दोन्हीत कितीतरी किलोमीटरचा फरक. पुणे नाका आणि जुना पुणे नाका पण एक नाहीत. तर बसमध्ये चढायच्या आधी पाटी वाचायचीच पण कंडक्टरला पूर्ण नाव सांगून विचारायचं, वेस का नाका.

आता बसचे रस्ते. डोक्यात नकाशा असा धरा: एका बाजूला रेल्वे स्टेशन, भैय्या चौक (डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे तिथं), एसटी स्टँड. मधी पार्क, नवी पेठ, सिद्धेश्वर मंदिर, किल्ला. दक्षिणेला सात रस्ता आणि तिथनं फाटा, एक विजापूर रोडला पत्रकार भवन, विजापूर नाका, आयटीआय, सैफुल, सोरेगाव असा, दुसरा होटगी रोडला महावीर चौक, आसरा असा. तुम्ही या दोन रस्त्यांच्या बेचक्यात राहता, म्हणजे बस सैफुलकडनं पण मिळती आणि आसऱ्याकडनं पण, जी जवळ ती धरा. पूर्वेला बाळीवेस, कोंतम चौक, कन्ना चौक, अशोक चौक, शांती चौक, पुढं अक्कलकोट रोड एमआयडीसी. याला आम्ही पूर्व भाग म्हणतो. उत्तर-पश्चिमेला पुणे नाका, बाळे, केगाव.

ह्या सगळ्यात गोची ही की जवळपास प्रत्येक रस्ता मधी येऊन मिळतो आणि बाहेरनं बाहेर जायला काही नाही. आसऱ्यावरनं एमआयडीसीला जायचं असलं तरी बसनं जायचं तर आधी शहराच्या पोटात शिरायचं, मग बाहेर पडायचं. म्हणून लोक गाडी घ्या म्हणतात, ते काय उगंच म्हणत नाहीत.

लालपरी_प्रेमी

केगावचं मी सांगते, मी तिकडंच शिकले.

ताईंनी परिवहनच्या भरवशावर राहू नये, एसटी धरावी. सोलापुरातनं मोहोळ, पंढरपूरकडं जाणाऱ्या साध्या गाड्या पुणे रोडनंच निघतात, बाळे केगाव वाटेतच आहे. फक्त चढताना ड्रायव्हर कंडक्टरला विचारायचं "विद्यापीठाला थांबणार का", साधी असली तर बहुतेक थांबते, जलद किंवा शिवशाही असेल तर नाव काढायचं नाही, ती पुलावरनं निघून जाते आणि तुम्ही मोहोळ बघून परत येता. स्टँडवरनं बसलं तर जागा मिळते, पुणे नाक्यावर हात दाखवून उभं राहिलं तर पायरीवर. मी कायम पुणे नाक्यावर उभी राहायचे कारण घर तिथं होतं, पण तुम्ही जुळे सोलापूरहून येणार तर सात रस्ता, स्टँड, मग एसटी.

आणि हे महत्त्वाचं, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, 17 मार्च 2023 पासून. तुमच्या आईचं वय 72 म्हणजे 65 ते 75 मध्ये, त्यांना तसंही अर्धं, आणि पंचाहत्तर पूर्ण झाली की पूर्ण फुकट. पण ही सवलत एसटीच्या गाडीला, महापालिकेच्या सिटी बसला तो नियम लागत नाही, ते दोन वेगळे उपक्रम आहेत. दर आठवड्याला सिटी बसमध्ये कोणीतरी आजी कंडक्टरशी भांडत असतात "टीव्हीवर सांगितलं अर्धं तिकीट" म्हणून आणि तो बिचारा समजावत असतो की आज्जी ती लाल गाडी, ही आमची वेगळी.

शेंगाचटणी

आज्जीचं बरोबरच असतंय. सरकार एकच, गाडीचा रंग बघून सवलत कशाला.

लालपरी_प्रेमी

@शेंगाचटणी ते महामंडळाला सरकार पैसे भरून देतं सवलतीचे. महापालिकेला कोण देणार? सवलत जाहीर करणाऱ्याचं काय जातंय, भरणारा वेगळा.

अजून एक, ताई गाणगापूर, विजापूर अशा कर्नाटकात जाणाऱ्या एसटीत बसल्या तर हे अर्धं तिकीट आपल्या हद्दीपुरतंच. तिकडची शक्ती योजना, म्हणजे बायकांना फुकट प्रवास, ती त्यांच्या राज्यातल्या बायकांना. अक्कलकोटपर्यंत काही अडचण नाही.

नाशिकहून_नवा

वा, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. बायकोने वाचलं, तिचा प्रश्न आहे की सात रस्ता ते स्टँड आणि मग स्टँडवरून एसटी असं दोन टप्प्यात गेलं तर सकाळी किती वेळ धरायचा? आणि संध्याकाळी सहानंतर केगावहून परत यायला मिळतं का काही?

लालपरी_प्रेमी

गाडी लागलेली असली तर पाऊण तास, नसली तर सव्वा. मी म्हणेन दीड तास धरा, लवकर पोचलात तर कॅन्टीनचा चहा. संध्याकाळी पुण्याकडनं सोलापूरला येणाऱ्या भरपूर असतात पण भरून येतात, आणि लांब पल्ल्याच्या थांबतीलच असं नाही. विद्यापीठाच्या गेटसमोर उभं राहण्यापेक्षा चार जणी मिळून सीट रिक्षा करून बाळ्यापर्यंत या, बाळ्यात गाड्या नक्की थांबतात आणि वस्ती असल्यानं अंधारात उभं राहायला बरं वाटतं. हिवाळ्यात सहालाच अंधार पडतोय, हे लक्षात घ्या.

रिक्षा_स्टँड_नंबर_एक

सगळे बसचंच बोलायलेत, आमचं पण ऐका. माझे वडील चाळीस वर्षं रिक्षा चालवतात, आता मी पण. सोलापूर सीट रिक्षावर चालतंय. स्टेशन ते सात रस्ता, सात रस्ता ते आसरा, अशोक चौक ते एमआयडीसी, सीटचे पैसे ठरलेले, विचारायची गरज नाही, माणूस भरला की निघाली. परमिट तीन माणसांचं असतंय, भरतात पाच, हे सगळ्या शहराला माहितीय, मी काय नवीन सांगत नाही. तीन माणसांवर सीटचे पैसे घेऊन धंदा परवडत नाही आणि तीन माणसांचं भाडं एकाकडनं घेतलं तर लोक लुटारू म्हणतात.

नवीन माणसाला टीप: रिक्षात बसायच्या आधी "सीट का स्पेशल?" एवढं विचारा. न विचारता एकटे बसलात की ती स्पेशल झाली, मग उतरताना वाद घालू नका. आईला घेऊन सिव्हिलला जाणार असाल तर सरळ स्पेशल करा, म्हातारं माणूस सीट रिक्षात मधी दाबून बसवायचं नसतंय. रात्री हुतात्मा एक्सप्रेस, वंदे भारत आली की स्टेशनवर भाव चढतो, तेव्हा बस नसती आणि आम्हाला पण परतीचं भाडं नसतं. स्टेशनच्या दारातनं जरा पुढं भैय्या चौकाकडं चालत आलात तर वीस-तीस रुपये कमी पडतील. हे लिहिल्याबद्दल आमचेच लोक मला शिव्या देणार.

सातरस्ता

देणार बे, पण खरं लिहिलास.

हद्दवाढ

पूर्ण धाग्यात एक गोष्ट कोणी बोललं नाही. सोलापूरची हद्दवाढ 1992 ची. त्या आधी शहर गावठाण आणि पेठा एवढंच होतं, बस पुरायची, लोक चालत गिरणीत जायचे. नरसिंग गिरजी, लक्ष्मी विष्णू, जुनी मिल, भोंगा झाला की माणूस घरातनं निघायचा, बस कशाला पाहिजे. मग गिरण्या गेल्या, वस्ती बाहेर सरकली, जुळे सोलापूर, सैफुल, मजरेवाडी, नई जिंदगी, बाळे, सगळं हद्दीत आलं, पण बसचं डोकं अजून पेठांमधीच आहे. 2011 च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाख, आता किती ते ज्यानं त्यानं धरावं. एवढ्या शहराला रस्त्यावर पळणाऱ्या बस किती ते थांब्यावर उभं राहून मोजा, बोटं उरतील.

मधी केंद्राच्या पैशातनं नव्या बसचा मोठा ताफा आला होता, लोक खूश झाले, आणि थोड्याच दिवसात त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या चेसीला तडे गेले. गाड्या डेपोत उभ्या, प्रकरण कागदावर. त्या गाड्यांवर झाडं उगवायची बाकी राहिली होती. पगार थकणं, संप, हे सगळं त्याच्या पुढचं आहे, त्यात कंडक्टर ड्रायव्हरचा काय दोष.

चादर_टॉवेल

आता इलेक्ट्रिक बस येणार की. पीएम ई-बस योजनेत सोलापूरला शंभर बस. सगळा प्रश्न सुटणार.

फेरी_मोजणारा

सुटणार नाही, आणि का ते सांगतो. मी दुसऱ्या शहरात बसच्या वेळापत्रकाच्याच कामात आहे, घर मात्र सोलापूरचं, दत्त नगरचं.

योजना ऑगस्ट 2023 ला मंजूर झाली, देशात 10,000 बस. पाच ते वीस लाख वस्तीच्या शहराला शंभरपर्यंत, त्यात सोलापूर बसतं. बस ठेकेदाराची, तो चालवणार, महापालिका त्याला किलोमीटरवर पैसे देणार, आणि केंद्र त्यात प्रति किलोमीटर भर घालणार, मोठ्या 12 मीटर बसला 24 रुपये, 9 मीटरला 22, लहान 7 मीटरला 20. दहा वर्षं. म्हणजे बस भरलेली पळो की रिकामी पळो, ठेकेदाराला किलोमीटरचे मिळणार, तिकिटाची तूट महापालिकेच्या गळ्यात. त्यामुळं बस कुठं पळवायची हा प्रश्न पहिल्या दिवशी सोडवावा लागतोय.

आता हिशोब. समजा बारा किलोमीटरचा मार्ग. शहरात बसचा वेग थांबे धरून ताशी 15, म्हणजे 48 मिनिटं. टोकाला बारा मिनिटं थांबली, चहा-लघवी, म्हणजे एक तास. जाऊन येऊन दोन तास. त्या मार्गावर एकच बस असेल तर तुम्हाला दोन तासांनी एक मिळणार. चार घातल्या तर अर्ध्या तासानं. दहा मिनिटाला एक पाहिजे असेल तर बारा बस लागतात, एका मार्गाला!

शंभरातल्या दहा दुरुस्ती-चार्जिंगला सोडा. नव्वद उरल्या. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या वॉर्डात बस पाहिजे, म्हणून चाळीस मार्ग केले तर मार्गाला दोन-सव्वादोन बस, म्हणजे तासाला एक. तासाला एक बस असलेल्या मार्गावर कुणीही शहाणा माणूस थांबणार नाही, तो सीट रिक्षात बसणार, बस रिकामी पळणार, आणि दोन वर्षांनी पेपरात "परिवहन तोट्यात". त्याच नव्वद बस सात मार्गांवर बारा-बारा घाला. सैफुल ते केगाव, आसरा ते स्टेशन, स्टेशन ते एमआयडीसी, विडी घरकुल ते पार्क असे. दहा मिनिटाला एक. वेळापत्रक लावायची गरजच नाही, माणूस घरातनं निघतो, बस येते. बाकीच्या वॉर्डातनं ह्या सात रस्त्यांपर्यंत सीट रिक्षा आणेल, रिक्षावाल्यांचा पण धंदा राहतोय.

कोंतम_चौक

हिशोब पटला पण तुम्ही सात मार्ग सांगताना पूर्व भागाला दोनच दिलात आणि दक्षिणेला पण तेवढेच. सगळे हिशोब करणारे जुळे सोलापूर नाहीतर दत्त नगरचे असतात, आणि रोज बसनं जाणारी बाई मात्र नीलम नगरची असती.

फेरी_मोजणारा

मालक, दत्त नगर पूर्व भागातच आहे 😄 पण मुद्दा मान्य, सत्तर फूट रोडला पण एक पाहिजे. आठ मार्ग करा, अकरा-अकरा बस, अकरा मिनिटाला एक. चाळीस करू नका एवढंच म्हणणं.

अक्का_घरकुल

मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण विडी घरकुलचं नाव आलं म्हणून.

गोदूताई परुळेकर घरकुल, कुंभारीचं, दहा हजार घरं विडी कामगार बायकांची, 2006 ला पंतप्रधान येऊन चाव्या दिल्या. नंतर तिकडंच रे नगर झालं, तीस हजार घरांचं, त्यातली पंधरा हजार जानेवारी 2024 ला दिली. आडम मास्तरांनी (माकपचे नरसय्या आडम) लढून मिळवली ती घरं, त्याबद्दल काय वादच नाही. पण घर मिळालं शहराच्या बाहेर आणि काम राहिलं आत. विडी घरात वळायची असली तरी विडी कंपनीच्या ब्रँचला जावंच लागतंय, वळलेल्या विड्या द्यायला आणि पान-तंबाखू आणायला. तर बसमध्ये बघा, बाईच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं टोपलं असतं, त्यात पंचवीस-पंचवीसचे कट्टे रचलेले, हजाराचा हिशोब, आणि ती पूर्ण वाटेत दोन्ही हातांनी धरून बसते कारण ब्रेक बसला आणि कट्टा सुटला, पान फाटलं की ब्रँचमधी छाट काढतात, तेवढ्या विड्या फुकट गेल्या. तिच्या शेजारची बाई न सांगता पाय आखडून घेती. सीट रिक्षात पाच माणसात ते टोपलं धरून बसता येत नाही, म्हणून बायका बसचीच वाट बघतात, अर्धा तास असो का तास. आणि घरी पोरगी वाट बघत असती पान भिजवायला.

म्हणून दहा मिनिटाला एक बस म्हणता ती कुठल्या वेळेला तेही बघा. आमची गर्दी ऑफिसच्या वेळेला नसती, ब्रँचच्या वेळेला असती.

फेरी_मोजणारा

अक्का, हे खरंच कुठल्या सर्व्हेत येत नाही. सर्व्हेवाले सकाळी नऊ ते अकरा चौकात उभे राहतात आणि निघून जातात.

शेंगाचटणी

अक्कांनी लिहावं अजून.

आमच्या बाजूच्या बसमधी एक कंडक्टर होते, रिटायर झाले आता, पूर्व भागातनं बस निघाली की तेलुगूत "मुंदकु जरगंडी", मधल्या मारुतीला आली की मराठीत "सरका की पुढं", पुढं कन्नडमधी, आणि नई जिंदगीला उर्दूत. तिकीट मात्र सगळ्यांना एकाच भाषेत, सुट्टे द्या.

चादर_टॉवेल

सुट्टे आणि सोलापूर, वेगळा धागा काढावा लागेल.

नाशिकहून_नवा

मंडळी, खूप खूप धन्यवाद, विशेषतः अक्का तुम्हाला. सासूबाई-सुनेने मिळून तुमचे सगळे सल्ले वहीत उतरवलेत. ठरलंय ते असं: मी आसऱ्यावरून जी मिळेल ती, परिवहन नाहीतर सीट रिक्षा, सात रस्ता आणि पुढे चालत. बायको स्टँडवरून मोहोळची साधी एसटी. आईसाठी स्पेशल रिक्षा, तिने मात्र जाहीर केलंय की सोमवारी सिद्धेश्वराला ती बसनेच जाणार, रिक्षावाले फार जोरात गाणी लावतात म्हणून.

एक राहिलं. बायकोला एसटीचा महिन्याचा पास मिळेल का? ती पीएचडीला आहे, विद्यार्थी पास चालतो का?

लालपरी_प्रेमी

विद्यार्थ्यांना एसटीचा पास 66.66 टक्के सवलतीत, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा. पीएचडीला चालतो का ते विद्यापीठाच्या बोनाफाईडवर आहे, स्टँडच्या पास खिडकीवर बोनाफाईड नेऊन विचारा, जूनमध्ये जाऊ नका, सगळ्या शाळा-कॉलेजची रांग असते. नाही मिळाला तरी महिला अर्धं तिकीट आहेच, आणि रोज जाणार नसतील, आठवड्यात तीन-चार दिवसच, तर अर्ध्या तिकिटावरच जावं, पासाच्या भानगडीत पडू नये.

आईंना सिद्धेश्वराला: पार्क चौकात उतरायचं, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी, तिथनं होम मैदानाच्या बाजूनं मंदिर जवळच आहे. उन्हाच्या आधी जायचं, तळ्याच्या मधल्या वाटेवर दगड तापतो, पायात चप्पल नसती.

सातरस्ता

पण जानेवारीत नाही हं! संक्रांतीला गड्डा असतो म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदान पूर्ण भरलेलं, त्या दिवसात पार्क चौकाकडचे रस्ते बंद करतात आणि बस कुठनं वळवतील ते आधी कळत नाही. तेव्हा पार्कला न जाता सात रस्त्यालाच उतरायचं आणि गर्दीबरोबर चालायला लागायचं, सगळं शहर तिकडंच चाललेलं असतंय.

नाशिकहून_नवा

आईला आत्ताच सांगितलं. ती म्हणतेय गड्ड्याला तर जायचंच, मग परत कसं यायचं तेवढं विचार.

रिक्षा_स्टँड_नंबर_एक

परत यायला रंगभवनच्या अलीकडं रिक्षा शोधू नका, तिथं रिक्षा वळत नाही. सात रस्त्याला या, डेपोच्या बाजूला आम्ही असतो रात्री उशिरापर्यंत. गड्ड्याच्या दिवसात आसऱ्याला सीटच करा, स्पेशल मागू नका, स्पेशलचा भाव ऐकून तुम्ही परत नाशिकला जाल.